टाळूखालची जाळी

आमच्या टोकावड्याला गावठी कोंबडी खुडूक बसली की अम्मी चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्याखालचं अंडं काढून कंदिलासमोर धरायची. आत लाल धाग्यांची जाळी दिसली की म्हणायची, ‘जीव धरलाय.’

ती जाळी रक्तवाहिन्यांची. कोंबडीचं अंडं हे भ्रूणशास्त्राचं जुनं पाठ्यपुस्तकच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्यावर अभ्यास झाला आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या पाठ्यपुस्तकाकडे वळलो तो नातीमुळे. ती सातव्या महिन्यातच, तिसाव्या आठवड्यात जन्मली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाळूवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. ‘डोक्याला काय झालंय?’ मी घाबरून विचारलं. ‘काही झालं नाही ना, तेच बघतेय, चाचा.’

मेंदू तयार होऊ लागतो तेव्हा त्यात स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते, हे मला तेव्हा कळलं. आधी त्याच्याभोवती बाहेरून जाळी विणली जाते. मेंदू वाढतो, आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो आणि त्या एक प्रथिन सोडतात. व्हीईजीएफ हे त्याचं नाव. ही जणू भुकेची हाक. ती ऐकून बाहेरच्या जाळीतली एखादी पेशी पुढे सरते, बारीक तंतूंनी चाचपडत वाट काढते. मागच्या पेशी विभागत तिच्यामागून येतात, त्यांची नळी होते. अशा दोन नळ्या भेटल्या की त्यांतून रक्त वाहू लागतं. माणसाच्या गर्भात हे दुसऱ्या महिन्यात सुरू होतं.

सगळ्यात आत, मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, नव्या पेशी जन्माला घालणारा एक थर असतो. त्याची भूक मोठी, म्हणून तिथली जाळी दाट; पण घाईघाईने विणलेली, पातळ भिंतींची. गर्भाशयात ते चालून जातं, कारण दिवस भरेपर्यंत हा थर विरून जातो. बाळ लवकर आलं की रक्तदाबाच्या चढउतारात याच नळ्या फुटतात, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांतच.

नातीच्या मेंदूत एका बाजूला थोडंसं रक्त उतरलं होतं. महिन्याभराने पाहिलं तेव्हा ते जिरलेलं होतं.

मुरबाडहून कल्याणला निघण्याआधी सुनेला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. आम्हाला वाटलं, कळा थांबवायचं असेल. पण ते बाळासाठी होतं. त्याने फुप्फुसं लवकर तयार होतात, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही कमी होतो. सातव्या महिन्यात कळा आल्या तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, मंडळी. आम्ही त्या रात्री म्हणणार होतो.