चार हजार आठशे एकोणीस रुपयांची उडी

गृहकर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक तक्ता असतो. परतफेडीचं शेड्यूल म्हणतात त्याला. वीस वर्षांच्या कर्जाला २४० ओळी, प्रत्येक ओळीत चार-पाच आकडे, तेही बारीक टाइपात. बहुतेक घरांत तो फाइलमध्ये जातो तो पुन्हा बाहेर निघत नाही. आणि घरखर्चाच्या दुनियेतली सगळ्यात थरारक गोष्ट नेमकी त्यातच लिहिलेली असते!

चला, उघडू या. समजा कर्ज ३० लाखांचं, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो २६,०३५ रुपये. आता पहिली ओळ वाचा. या २६,०३५ मधले व्याजात गेले २१,२५०. मुद्दलातून वजा झाले फक्त ४,७८५. म्हणजे शंभर रुपये भरले, तर कर्ज फिटलं अठरा रुपयांचं!

कुणी फसवलं का? मुळीच नाही. व्याज लागतं ते त्या दिवशी शिल्लक असलेल्या मुद्दलावर, आणि पहिल्या महिन्यात अख्खे ३० लाख शिल्लक असतात. त्यांचं महिन्याचं व्याज आधी भागतं, उरेल ते मुद्दलाला. मुद्दल थोडं घटलं की पुढच्या महिन्यात व्याज थोडं घटतं आणि मुद्दलाचा वाटा तेवढाच वाढतो. हप्ता तोच, आतली वाटणी मात्र दर महिन्याला बदलत जाते.

मग निम्मं कर्ज फिटतं कधी? दहा वर्षांनी, असंच कुणीही म्हणेल. तक्ता सांगतो, १६६व्या हप्त्याला. तेरा वर्षं दहा महिने! हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायलाच बारावं वर्ष संपत यावं लागतं. शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं अवघं १८३ रुपये. आणि २० वर्षांच्या व्याजाची बेरीज? साडेबत्तीस लाखांच्या आसपास. मुद्दलापेक्षा जास्त.

इथे आपल्याकडच्या दामदुपटीची आठवण होते. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये, हा धर्मशास्त्रातला जुना नियम ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला होता. मग इथे व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं कसं? कारण ते कधी साचलंच नाही, दर महिन्याचं दर महिन्याला चुकतं होत गेलं. थकलेलं व्याज शून्य, भरलेलं व्याज साडेबत्तीस लाख. किती शांतपणे चालतं हे सगळं!

आता खरी गंमत. दुसरी ओळ बघा: व्याज २१,२१६, मुद्दल ४,८१९. पहिला हप्ता भरताना तुम्ही हे ४,८१९ रुपये जास्तीचे भरले आणि ते मुद्दलात जमा करून घेतले, तर काय होईल? दुसरा हप्ता भरल्यावर जेवढं मुद्दल शिल्लक राहायला हवं होतं, तेवढं आजच राहिलं. तुम्ही एक ओळ ओलांडून पुढे गेलात. त्या ओळीतलं २१,२१६ रुपये व्याज आता जन्मालाच येणार नाही. पुढचा प्रत्येक हप्ता एका ओळीने वर सरकला, कर्ज एक महिना आधी संपलं आणि शेवटचा २६,०३५चा हप्ता गळून पडला. आजच्या ४,८१९ रुपयांनी वीस वर्षांनंतरचे २६,०३५ रुपये फेडले!

हा सापशिडीचाच पट आहे, फक्त इथे सगळ्यात लांब शिड्या सगळ्यात खालच्या घरांत आहेत. पहिल्या महिन्यात जास्तीचे भरलेले १,००० रुपये शेवटी सुमारे ५,४०० रुपयांचे हप्ते वाचवतात. तेच १,००० पंधरा वर्षांनी भरले, तर जेमतेम १,५०० वाचतात. रक्कम तीच, बँक तीच. फरक कशाचा? त्या हजारावर व्याज लागायची किती वर्षं तुम्ही खोडलीत, याचा. जे चक्रवाढ व्याज आपल्या उरावर बसलेलं असतं, तेच आता आपल्या बाजूने राबू लागतं. मला या सगळ्या गणितात हे सगळ्यात सुंदर वाटतं.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केला. शिडी चढायला तिकीट नाही.

पण एकदम ४,८१९ आणायचे कुठून? नकोच. महिन्याला २,००० घेऊ. दिवसाला ६७ रुपये. पहिल्या महिन्यापासून हप्त्यासोबत एवढेच जास्तीचे गेले, तर २४० महिन्यांचं कर्ज २०१ महिन्यांत फिटतं. सव्वातीन वर्षं आधी! आणि व्याजात वाचतात सुमारे ६ लाख १३ हजार रुपये. दिवसाच्या ६७ रुपयांची ही करामत.

आता स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेने बघा. रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी पडते, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, डाळ भिजवून मग कुकरला लागते म्हणून गॅस वाचतो. डब्यात डोकावून किराण्याची यादी केली जाते, म्हणून संपलेलंच येतं, दिसलेलं येत नाही. आठवड्यातून एका रात्री जेवण बाहेरून मागवायच्या ऐवजी पिठलं-भात होतो आणि त्याबरोबर डिलिव्हरीचे, पॅकिंगचे पैसेही राहतात. आपल्या आया-आज्या हे सगळं करत आल्या, आणि त्याला कुणी अर्थशास्त्र म्हटलं नाही. पण वरच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा: कर्जाच्या पहिल्या वर्षात वाचवून भरलेला प्रत्येक रुपया पुढचे पाच रुपये अडवतोय. फोडणीचा भात इतका मोलाचा असेल, असं वाटलं होतं?

तरीही माझ्या मते घर कर्जात ढकलतो तो रोजचा चहा नव्हे, वर्षातून एकदा येणारा खर्च. जूनमधली शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, लग्नसराईतला आहेर. यातला एकही अचानक येत नाही, तारीख आधीपासून ठाऊक असते, तरी दरवर्षी क्रेडिट कार्ड बाहेर येतंच. हे सगळे खर्च एका कागदावर मांडा, बेरजेला बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. घराचं अंदाजपत्रक म्हणजे मुळात हा एक भागाकार. बाकी नोंदी तर यूपीआयमुळे फोनच ठेवतो. महिन्याचं स्टेटमेंट उघडून नुसतं वाचलं, तरी कुणीही न बघणारी ओटीटी वर्गणी आणि विसरलेला ऑटो-पे सापडतोच.

पण थांबा. कार्डाची थकबाकी असेल, तर गृहकर्जाला हात लावण्याआधी ती. का? ५०,००० थकले आहेत आणि व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे, असं धरा. बऱ्याच कार्डांवर तो असतो. एका महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. झाले २,०६५. तुम्ही ‘मिनिमम ड्यू’ म्हणून २,५०० भरलेत आणि निर्धास्त झालात. कर्ज किती घटलं? ४३५ रुपये! गृहकर्जाची पहिली ओळसुद्धा याच्यापुढे प्रेमळ वाटावी.

दुचाकीच्या कर्जावरचा ‘फ्लॅट’ दरही असाच चकवतो. एक लाखावर तीन वर्षांसाठी फ्लॅट १० टक्के, म्हणजे ३० हजार व्याज, सोपं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच मोजलं जातं. घटत्या शिलकीवर मांडलं, तर तो दर निघतो जवळपास १८ टक्के.

तेव्हा दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे हाताशी ठेवा, कारण दुखणं-खुपणं सांगून येत नाही. मग सगळ्यात महाग दराचं कर्ज पहिलं. काही जण आधी सगळ्यात छोटं कर्ज संपवतात, एक खातं बंद झालं की हुरूप येतो म्हणून. तो हुरूप खरा आहे, पण साडेतीन टक्क्यांचं कार्ड वाट बघत असताना मी तो मार्ग सुचवणार नाही.

आणि पगार वाढला की? दरवर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवत नेला, तर आपलं वीस वर्षांचं कर्ज किती दिवसांत संपतं, माहीत आहे? सव्वाबारा वर्षांत. पहिली वाढ फक्त १,३०२ रुपयांची असते. जास्तीचे पैसे भरताना बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी केलात, तर ओळी तेवढ्याच राहतात आणि व्याजातली बचत बरीच आटते. फॉर्मवर ‘मुदत’समोर खूण करा आणि नवा तक्ता मागून घ्या. त्यात किती ओळी कमी झाल्या, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून मोजा.