नाराजीचं मत कुणाच्या पदरात?

मतदार चिडला की नव्या चेहऱ्याचं आपोआप फावतं, हा समज 2019च्या विधानसभेला लातूर ग्रामीणने खोटा ठरवला. तिथे ‘नोटा’ला 27 हजारांहून अधिक मतं पडली. विजेते धीरज देशमुख सोडले तर रिंगणातल्या प्रत्येकाला ‘नोटा’ने मागे टाकलं. नाराजी होती, ती ओंजळीत घेईल असा उमेदवार मात्र या मतदारांना दिसला नाही. याउलट 2024ची दिंडोरी लोकसभा पाहा. डिसेंबर 2023च्या कांदा निर्यातबंदीने शेतकरी पोळला होता. अशा वेळी पेशाने शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना लाखाहून अधिक मतांनी हरवलं. नाव फारसं परिचित नव्हतं, प्रश्न मात्र घरोघरचा होता.

हा विजय शरद पवारांच्या पक्षाचा, उमेदवाराचा नव्हे, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहेच. पाठीशी पक्ष नसता तर कांद्याचा राग मतपेटीपर्यंत एकवटून पोचला असता का, शंकाच आहे. पण पक्षाची पुण्याई असली तरी अनोळखी उमेदवाराला ओळखीचं काम चुकत नाही. नाव, चेहरा आणि चिन्ह यांची गाठ मतदाराच्या मनात पक्की बसावी लागते. नुसत्या सभांनी ती बसत नाही. दिंडोरीतच भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाला आयोगाने तुतारी दिली होती, तर पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला 1 लाखावर मतं मिळाली.