इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

मृगाचा पाऊस पडून रानास वाफसा आला म्हणजे पेरणीस साधणारे दिवस मोजकेच असतात. नेमक्या अशा वेळी काही दिवस उभा असलेला ट्रॅक्टर चालू करावयास जावे, स्टार्टरने इंजिन फिरू लागावे, परंतु त्याने पेट मात्र घेऊ नये, असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. मग बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरविली जाते आणि मिस्त्रीची वाट पाहण्यात वाफसा निघून जातो. वास्तविक या दोषाची बहुतेक कारणे बांधावरच शोधता येण्यासारखी आहेत. ती कोणत्या क्रमाने शोधावीत, एवढेच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डिझेल इंजिनास पेट्रोलच्या गाडीप्रमाणे ठिणगी लागत नाही. दट्ट्या सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतकी दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापते आणि तीत नोझलमधून डिझेलचा फवारा उडताच तो आपोआप पेटतो. यावरून हे उघड आहे की, इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, त्यास मोकळी हवा मिळणे आणि नोझलपर्यंत निर्भेळ डिझेल पोहोचणे, या तीन गोष्टी साधल्या पाहिजेत.

यांपैकी कोणती उणी आहे, हे सायलेन्सरचा धूर सांगतो. गिअर न्यूट्रलमध्ये घालून व ब्रेक लावून एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने धुराकडे लक्ष ठेवावे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ स्टार्टर चालवू नये. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. अन्यथा स्टार्टर तापतो व बॅटरी उतरते.

पांढुरका धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचत आहे, परंतु पेटत नाही, असे समजावे. इंजिन सुस्तपणे फिरत असल्यास बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत. कारण फिरण्याचा वेग कमी पडला की हवेची उष्णता वाया जाते. थंडीच्या दिवसांत, हीटर असेल तर तो आधी तापू द्यावा. डिझेलमध्ये पाणी मिसळले असल्यासही असेच घडते. याकरिता फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे. धूर काळा असून इंजिन घुसमटल्यासारखे वाटल्यास एअर क्लीनर उघडून पाहावा. धुळीने तो कोंदलेला असतो किंवा क्वचित नळीत उंदराने घर केलेले असते.

धूर मुळीच निघत नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. प्रथम टाकीत प्रत्यक्ष डोकावून पाहावे. केवळ काट्यावर विसंबू नये. त्यानंतर टाकीची तोटी उघडी आहे ना, आणि इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना, हे पाहावे. ज्या ट्रॅक्टरात हे काम विजेच्या सोलेनॉइडने होते, त्यात किल्ली फिरविताच पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज यावयास पाहिजे. न आल्यास फ्यूज तपासावा.

हे सर्व ठीक असेल, तर नळीत हवा शिरली असण्याचाच संभव अधिक. हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाचा दाब तिच्यातच जिरतो आणि नोझल उघडत नाही. ती काढण्यासाठी फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने हलवीत राहावे. आरंभी फेस येईल. बुडबुड्यांवाचून अखंड धार लागली की, ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर मुख्य पंपावरील स्क्रूपाशी हीच कृती करावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच त्रास झाला, तर टाकी व फीड पंप यांमधील नळी, क्लिप व वॉशर तपासावेत. या भागात पंप डिझेल ओढून घेत असतो. म्हणून बाहेर एक थेंबही न गळता हवा आत शिरू शकते.

येथवरचे काम घरचे घरी करावे. याच्या पुढचे करू नये. नोझलच्या नळीतून उडणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ती जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. ईथरचा फवारा मारून इंजिन पेटविण्याचा मोह टाळावा. हीटर असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊ शकतो. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत विजेच्या नियंत्रणाने चालणारी, फार मोठ्या दाबाची डिझेल यंत्रणा असते. तिच्या दाबाच्या नळ्या केव्हाही सोडू नयेत.

मृगापूर्वी पंधरा दिवस ट्रॅक्टर एकदा चालवून पाहावा, फिल्टरातील पाणी काढावे, काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी आणि एक जादा फिल्टर व वॉशर घरी असावेत. एवढे करूनही मिस्त्री बोलवावा लागलाच, तर ‘ट्रॅक्टर चालू होत नाही’ एवढेच न सांगता धूर येतो की नाही, तो कोणत्या रंगाचा आणि इंजिन कोणत्या वेगाने फिरते, हे सांगावे. म्हणजे तो योग्य ते सामान बरोबर घेऊन येईल आणि त्याची दुसरी खेप वाचून पेरणीचा दिवस हाती राहील.