तुर्की समाजातील स्त्रीशिक्षण आणि रोजगार : एक विसंगत नाते

प्रस्तावना :
स्त्री शिकली की ती अर्थार्जनास प्रवृत्त होते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तुर्कस्तानचा अनुभव हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतो. तेथे १९९० च्या सुमारास स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग ३४ टक्क्यांच्या आसपास होता. पुढील दीड दशकात मुलींचे शिक्षण वाढत असतानाच तो सुमारे २३ टक्क्यांपर्यंत घसरला. २०२३ मध्ये तो ३५ टक्क्यांच्या पुढे गेला. पुरुषांचा सहभाग मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

पार्श्वभूमी :
अतातुर्क यांच्या राजवटीत १९२४ च्या कायद्याने सर्व शाळा शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आल्या आणि १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. अध्यापन, वकिली, वैद्यक या क्षेत्रांत नागरी मध्यमवर्गातील स्त्रिया लवकरच दिसू लागल्या. परंतु १९२६ च्या ज्या नागरी संहितेने बहुपत्नीत्व रद्द केले, तिनेच पत्नीच्या नोकरीसाठी पतीची संमती आवश्यक ठरविली होती. ही तरतूद घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्दबातल केली. सक्तीचे शिक्षण १९९७ मध्ये पाचवरून आठ वर्षांचे व २०१२ मध्ये बारा वर्षांचे झाले.

घसरणीचा अर्थ :
काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील चहाच्या मळ्यांत किंवा हेझलनटच्या बागांत राबणारी स्त्री बहुधा बिनपगारी कुटुंबश्रमिक असते, तरीही श्रमशक्तीच्या गणनेत ती कामकरी ठरते. तेच कुटुंब इस्तंबूल वा अंकारा येथे स्थलांतरित झाले की तिची नोंद 'गृहिणी' अशी होते. शेतीतील तिचे कौशल्य शहरात निरुपयोगी ठरते आणि पाच-आठ इयत्तांच्या शिक्षणावर मिळणारे वेतन मुलांच्या संगोपनाचा खर्चही भागवू शकत नाही. घरी शिवण-विणकामाची कामे ती करते. मात्र अशी कामे पुष्कळदा नोंदीबाहेरच राहतात. म्हणजे घसरलेला आकडा काही अंशी कामाच्या अभावाचा आहे आणि काही अंशी कामाच्या अदृश्यतेचा.

येथे शिक्षणाचा प्रभाव पायरीपायरीने नव्हे, तर एका उंबरठ्यापलीकडे जाणवतो. पदवीधर स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश श्रमशक्तीत आहेत. माध्यमिक शिक्षण पूर्ण न केलेल्या स्त्रियांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास रेंगाळते. त्यामुळे केवळ शालेय वर्षे वाढविण्याच्या धोरणाकडून रोजगारवाढीची अपेक्षा करणे फारसे सयुक्तिक वाटत नाही. विद्यापीठातील हिजाबबंदीमुळे अनेक धार्मिक कुटुंबांतील मुलींना हा उंबरठा ओलांडणे दीर्घकाळ कठीण झाले होते. ती बंदी २०१० च्या सुमारास सैल झाली आणि शासकीय नोकऱ्यांत २०१३ मध्ये बहुतांशी उठली.

शिकलेल्या स्त्रीपुढेही विवाह व अपत्यसंगोपन हे प्रश्न उभे राहतात. दीडशेहून अधिक स्त्रिया असलेल्या आस्थापनेने पाळणाघर चालवावे, असा नियम आहे. ही गणना मुख्यतः स्त्रियांचीच होते, जणू पुरुष कामगारांना अपत्ये नसतात. परिणामी स्त्रियांची संख्या दीडशेच्या आत ठेवणे मालकाला सोयीचे ठरते. २००३ मध्ये नवा श्रम कायदा आला, तरी १९७१ च्या जुन्या कायद्यातील एक कलम शिल्लक ठेवण्यात आले : विवाहानंतर वर्षभरात नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला सेवा-भरपाईची रक्कम मिळते. विवाहाच्या कारणाने राजीनामा देणाऱ्या पुरुषाला ती मिळत नाही.