धंद्याच्या रकान्याआडची माणसे

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे पांगलेल्या स्कॉटिश घराण्यांच्या वंशजांना पूर्वजांचा शोध घेण्याचा मोठा सोस आहे, आणि स्कॉटलंडची दप्तरे तो सोस पुरविण्यास समर्थही आहेत. १८४१ पासूनच्या जनगणनेत नावापुढे धंद्याचा रकाना आहे. १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंदणीही तेथे सक्तीची झाली. घोटाळा होतो तो हा रकाना वाचताना. ‘सूटर’ म्हणजे चांभार, ‘वॅबस्टर’ म्हणजे विणकर, ‘हेकलर’ म्हणजे जवसाचा वाख लोखंडी दातांच्या फणीने विंचरणारा, हे कोशात पाहून कळते. परंतु अर्थ कळला म्हणजे धंदा कळला, असे मुळीच नव्हे.

‘हाइंड’ हा शब्द घ्या. आग्नेय स्कॉटलंडातला हा सालाने बांधलेला विवाहित शेतगडी. मजुरी बहुतांशी ओट, बार्ली, बटाटे व एका गाईचा चारा अशी जिनसांत मिळे. राहावयास खोपटे असे. मात्र शेतात राबण्यासाठी एक बाईही त्यानेच पुरवावी, अशी करारात अट असे. तिला ‘बाँडेजर’ म्हणत. घरात मुलगी वा मेहुणी नसेल तर परकी बाई कामास ठेवून तिला त्याच खोपटात जेवूखाऊ घालावे लागे. स्वतः मजूर असलेल्या माणसाला असे मालकही व्हावे लागे! जनगणनेत अशा घरी एखादी परकी तरुणी आढळली, तर तिला दूरची नातलग ठरविण्यापूर्वी वंशजांनी जरा थांबावे.

कोळशाच्या खाणीतली कथा याहून कठोर आहे. १६०६ च्या कायद्याने जुन्या मालकाच्या दाखल्यावाचून खाणकामगाराला कामावर घेण्यास बंदी केली. पळून गेलेल्याला वर्ष व एक दिवसाच्या आत परत मागता येई. १७७५ च्या कायद्याने ही वेठ सैल झाली, पण पुरती सुटली १७९९ साली. पूर्व स्कॉटलंडात बापाने वा नवऱ्याने खणलेला कोळसा पाठीवर घेऊन बायका व मुली शिड्या चढत. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु त्या मजुरीवर चालणाऱ्या चुलीचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

आणि डंडी! बंगालच्या तागावर हे शहर एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. गिरण्यांत बहुसंख्य स्त्रिया असत, कारण त्यांची मजुरी कमी. घरी बसलेल्या बेकार नवऱ्याला लोक ‘केटल-बॉयलर’, म्हणजे चहाचे आधण ठेवणारा, म्हणत. हे नाव सरकारी रकान्यात शोधून मिळावयाचे नाही. त्या घराचे पोट कशावर भरे हे जाणावयाचे, तर कुटुंबप्रमुखाची ओळ ओलांडून बायको-मुलींच्या ओळींकडे वळले पाहिजे. सुदैवाने १८५५ नंतरच्या मृत्युनोंदींत मृताच्या आईचे माहेरचे आडनाव विचारलेले असते; तेवढा धागा हाती घेऊन आणखी एक पिढी मागे जाता येते.