लेकीला लस, आईला तपासणी

भिवंडीचे आरोग्य : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण २०२२च्या अखेरीस भिवंडीत पसरलेल्या गोवराविषयी वाचले. गोवर दोन आठवड्यांत अंगावर दिसतो. आजचा विषाणू शरीरात शिरल्याचे कळतही नाही आणि त्याने केलेले नुकसान उघड व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच्यामुळेच होतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार जणी दगावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदीचा अंदाज आहे.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले चौदाएक धोक्याचे. १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत घातक. तो लैंगिक संबंधातून, त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. निरोधने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो आणि दहापैकी नऊ जणांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणून तपासणीत एचपीव्ही सापडला तर त्या बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. लागण केव्हा झाली, कोणाकडून झाली, हे त्या तपासणीतून कळत नाही.

काही जणींत मात्र विषाणू ठाण मांडतो. गर्भाशयमुखाच्या पेशी आधी बिघडतात आणि मग, पुष्कळ वर्षांनी, कर्करोग होतो. ही मधली वर्षे म्हणजेच आपली संधी. ती कशी साधायची, हे महाराष्ट्रातल्याच बायकांनी जगाला दाखवले आहे.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तपासणी करवली. पद्धत साधी: गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचे, बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्याच सुमारास उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या पथकाने तीन तपासण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. व्हिनेगरची तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. एचपीव्हीची चाचणी मात्र एकदाच करूनही आठ वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले. दोन्ही अभ्यासांतून धडा स्पष्ट आहे: व्हिनेगरची तपासणी असेल तर ती ठरावीक काळाने पुन्हा करायलाच हवी, एचपीव्ही चाचणी मिळाली तर उत्तम.

लसीचा पुरावाही इथलाच. बार्शी आणि पुणे ही केंद्रे असलेल्या देशव्यापी अभ्यासात दिसले की एकच मात्रा घेतलेल्या मुलींनाही १६ आणि १८ क्रमांकांच्या चिवट संसर्गापासून दहा वर्षांपर्यंत भक्कम संरक्षण मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२मध्ये ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२३च्या जानेवारीत आली. लसीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिन असते. तिने वंध्यत्व येत नाही. ती झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय सर्वांत योग्य.

एवढे सारे हाताशी असूनही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. भिवंडीत तर यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळ्यांवर घर चालते, घरोघरी बायका मजुरीची कामे करतात, आणि ‘अंगावरून पांढरे जाते’ हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावरच काढले जाते. दुखत नाही तर दवाखान्यात कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण हा रोग दुखू लागतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून तीन गोष्टी करा. वय ३० झाले असेल तर इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात, जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना या तपासणीविषयी विचारा, आणि लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नका. घरातल्या ९ ते १४ वर्षांच्या मुलीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेले, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. नवरोबांनी त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी बायकोसोबत जावे; औषधोपचाराच्या वर्षांपुढे तो एक दिवस काहीच नाही.

(पुढील आठवड्यात : याच वयातली दुसरी तपासणी – तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू)