घरांतील शफरी

ज्या उरणांत मासळी म्हटली कीं करंज्याचें बंदर डोळ्यांपुढें येतें, तेथें दिवाणखान्यांत काचेच्या पेटींत मासे पाळण्याची गोष्ट कांहींशी विलक्षण वाटेल. परंतु हल्लीं पुष्कळ घरांतून मुलांचा तसा हट्ट असतो, आणि त्यांचें मन ज्यावर जडतें असा एक मासा म्हणजे गुलाबी झांकेचा 'रोझी बार्ब'. हा मासा आपल्या गांवीं सुखानें नांदेल काय, याचा विचार पेटी घेण्यापूर्वींच व्हावा, म्हणून हे चार शब्द.

नांव परकें असलें तरी कुळानें तो आपलाच आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं गंगेंतील मत्स्यांवरील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. बंगालींत अशा लहान माशांस 'पुंटी' म्हणतात. त्यावरूनच 'पुंटियस' हें शास्त्रीय वंशनाम निघालें. अमरकोशांत 'प्रोष्ठी' व 'शफरी' हे पर्याय दिले आहेत. त्या प्रोष्ठीशींच पुंटीचें नातें जुळतें. २०१२ पासून शास्त्रज्ञ या माशाची गणना 'पेथिया' वंशांत करतात. आम्ही आपले शफरीच म्हणूं.

या शफरीच्या मुख्य मागण्या दोन: सोबत आणि थंडावा.

एकटी शफरी कोपऱ्यांत दडून राहते, नाहीं तर इतर माशांचे लांब पर कुरतडते. म्हणून निदान सहा, शक्य तर आठ-दहा एकत्र ठेवाव्या. त्यांत माद्या अधिक व नर थोडे असावे. मादी पितळेसारखी पिवळसर असते. नर विणीच्या काळीं तांबडा होतो, आणि इतर नर समोर असले म्हणजे त्याचा रंग अधिकच खुलतो. एवढ्या परिवारास काचेचा गोल गडू उपयोगी नाहीं. शतपथ ब्राह्मणांतील मनूला आपला मासा कुंभांतून खड्ड्यांत व खड्ड्यांतून समुद्रांत न्यावा लागला. शफरी तितकी वाढत नाहीं. पेटींत ती बहुधा सहा-आठ सेंटिमीटरच होते. तरी तीन फूट लांबीची, सुमारें सव्वाशे लिटरची पेटी हवीच.

एकत्र कुटुंबांत आणखी एक सांभाळावें. आजी एक चिमूट घालते, नातू दुसरी, काका तिसरी, आणि उरलेलें अन्न कुजून पाणी विषारी होतें. खाऊ घालण्याचें काम एकाकडेच असावें. दोन मिनिटांत संपेल एवढेंच द्यावें. आठवड्यांतून एक उपवासही मानवतो. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें; नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग घालावें.

खरी अडचण थंडाव्याची. शफरीस १८ ते २२ अंश उष्णमान मानवतें. दोन-तीन अंश अधिक झाले तरी ती निभावते. पण चैत्र-वैशाखांत उरणच्या घरांतील पाणी सहज ३० अंशांच्या आसपास जातें. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांस साडेसातच. उलट उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज वाढते. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडमीट करूं लागले, तर तें हाच संकट सांगत आहेत असें समजावें.

उपाय माठाच्या न्यायाचा आहे. माठ पाझरतो, ओल वाळते, पाणी निवतें. कांच पाझरत नाहीं, म्हणून पाण्याच्या पृष्ठावर पंखा सोडावा. त्यानें दोन-तीन अंश उतरतात. पण देशावरच्या कोरड्या हवेंत माठ जसा निवतो तसा दमट उरणांत निवत नाहीं, व पंख्याचेंही तेंच. पेटी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीशीं, उन्हापासून दूर ठेवावी. बर्फाचे खडे टाकूं नयेत. एकाएकीं झालेला बदल अधिक घातक. पाणी थंड करणारें यंत्र मिळतें, पण तें महाग असून विजेवर चालतें. वीज गेली कीं तेंही थांबतें.

हौस फिटली म्हणून मासे विमला तलावांत सोडणें हा तर सर्वांत वाईट मार्ग. परके मासे व त्यांचे रोग तेथील मूळच्या जिवांस बाधतात.

तेव्हां आमची सूचना एवढीच. पेटीची जागा आधीं ठरवावी, तेथें बादलीभर पाणी ठेवावें, आणि वैशाखभर रोज दुपारीं उष्णतामापक बुडवून आंकडा मुलांकडून वहींत लिहून घ्यावा. पंखा लावूनही पारा २५ च्या वर राहिला, तर शफरी आणूं नये. उष्ण पाण्यांत सुखानें राहणारा दुसरा मासा निवडावा.